व्हिटॅमिनचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे नक्की काय? आतड्याचा जुना आजार असलेल्यांसाठी

सध्या मोबाइल उघडला की फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती, इतक्या टेस्ट इतक्या रुपयांत, घरी येऊन सॅम्पल नेणार आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. धडधाकट माणसाचं ठीक आहे, पण ज्याला वर्षानुवर्षं आतड्याचा आजार आहे तो ती पीडीएफ उघडतो आणि लाल अक्षरातला एखादा आकडा बघून हादरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळे आकडे काळ्या अक्षरात बघून निर्धास्त होतो. मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय आणि काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "ताई, सगळं नॉर्मल आहे ना?" क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस, सीलियाक, आतड्याचा टीबी यातलं काही असेल तर या प्रश्नाचं उत्तर आकडा एकटा देऊच शकत नाही. का नाही ते आज नीट सांगते. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तरी आपल्याला कळलं पाहिजे.

कुठलं व्हिटॅमिन कुठल्या स्टेशनला उतरतं

आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागत नाही. हे अंगी लागण्याचं काम मुख्यतः छोट्या आतड्यात होतं. ते साधारण सहा मीटर म्हणजे वीसेक फूट लांब असतं आणि सगळीकडे सगळं शोषलं जात नाही, प्रत्येकाची जागा ठरलेली.

सीएसएमटीहून सुटलेली कसारा लोकल डोळ्यासमोर आणा. आयर्न भायखळा-दादरलाच उतरतं, म्हणजे जठर संपल्यावर जो पहिला वीतभर भाग येतो, ड्युओडेनम, तिथं. फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडवालं व्हिटॅमिन, ठाण्याच्या आसपास. ए, डी, ई आणि के ही चार तेलातुपात विरघळणारी, त्यांना उतरायला पित्तरसाचा हात धरावा लागतो. आणि बी १२ मात्र थेट शेवटच्या कसाऱ्यालाच उतरणार, मधे कुठंही नाही, तेसुद्धा जठरात तयार होणाऱ्या एका खास प्रोटीनचा पास हातात असेल तरच. या शेवटच्या भागाला टर्मिनल इलियम म्हणतात. पित्तरसातले क्षार पण तिथंच गोळा होऊन परत लिव्हरकडे जातात, म्हणजे कसारा बंद पडलं तर बी १२ तर गेलंच पण हळूहळू ए, डी, ई, के यांचीही सोबत सुटायला लागते.

आता क्रोन्स हा सूज आणणारा जुनाट आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो पण त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे हाच शेवटचा भाग. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ज्या पेशंट्सचं वर्णन केलं त्यांचा आजार पण इथलाच होता. आपल्या देशात तर आतड्याचा टीबीसुद्धा बरेचदा इथंच येऊन बसतो, म्हणून दोघांची गल्लत होते. सीलियाकमध्ये, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणाऱ्या आजारात, उलटं, तिथं सुरुवातीची स्टेशनं खराब होतात म्हणून आयर्न आणि फोलेट आधी घसरतं. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याचा, म्हणजे गाडी सगळी स्टेशनं घेऊन पुढं गेल्यावरचा, तिथं बी १२ सहसा बिघडत नाही पण रक्त जात असतं म्हणून आयर्न जातं.

म्हणून निदानाची पहिली पायरी सुई टोचायच्या आधीच होते, आजार कुठल्या भागात आहे आणि ऑपरेशन झालं असेल तर कुठला भाग किती काढला. हे ऑपरेशनच्या नोट्समध्ये सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं, तो कागद जपून ठेवा, खरंच सांगते सोन्याच्या पावतीसारखा जपा. युरोपातल्या पोषणाच्या गाइडलाइनप्रमाणे इलियमचा शेवटचा २० सेंटीमीटरपेक्षा जास्त भाग काढला असेल तर बी १२ बाहेरून द्यायचंच. तिथं आकडा खाली यायची वाट बघत बसायचं नाही.

बी १२ नॉर्मल, तरी पायाला मुंग्या

माझा चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याला क्रोन्स आहे. सहा वर्षांपूर्वी त्याच्या छोट्या आतड्याचा शेवटचा तुकडा काढला. दोन वर्षांपूर्वी पायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री चालताना तोल जायचा. बी १२ केलं तर २८० आलं, रिपोर्टवर खाली छापलेलं नॉर्मल २०० ते ९००, मग ज्यांना दाखवलं त्यांनी ते बाजूला सारलं आणि कमरेचा एमआरआय, मसाज, पट्टा असं करत पाच महिने गेले. तेव्हा मीही तो रिपोर्ट बघितला होता आणि मलाही काही खटकलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

गोम इथं आहे. रक्तातलं बी १२ मोजतो तेव्हा आपण एकूण बी १२ मोजतो. त्यातलं साधारण ७० ते ८० टक्के एका अशा प्रोटीनला चिकटलेलं असतं की शरीराच्या बहुतेक पेशींना त्याचा उपयोगच नसतो. म्हणजे बँकेत एकूण तीन लाख आहेत पण सव्वादोन लाख मोडता न येणाऱ्या एफडीत, आणि महिना चालवायचा तो सेव्हिंगमधल्या पाऊण लाखात. एकूण रक्कम बघून कळत नाही की घरात किराणा भरता येईल का. त्या सेव्हिंगवाल्या भागाला अ‍ॅक्टिव्ह बी १२ म्हणतात, त्याची वेगळी टेस्ट मिळते.

दुसरा मार्ग आणखी चांगला, पेशींच्या आत काय चाललंय ते बघायचं. बी १२ नसलं की पेशींमधलं एक काम अडतं आणि मिथाइल मॅलोनिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ साठायला लागतो, सोसायटीत घंटागाडी आली नाही की गेटवर कचरा साठतो तसं. गाडी आली होती का हे वॉचमनला विचारण्यापेक्षा कचऱ्याचा ढीग बघितलेला बरा. एमएमए म्हणतात या टेस्टला, महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. होमोसिस्टीनसुद्धा असंच साठतं पण ते फोलेट किंवा बी ६ कमी असलं तरी वाढतं म्हणून त्याची साक्ष जरा कच्ची. आणि किडनी कमजोर असेल तर दोन्ही वाढलेले दिसतात, तेव्हा क्रिॲटिनिन (किडनीचा आकडा) बघितल्याशिवाय अर्थ लावायचा नाही.

साधारण हिशोब असा की २०० पिकोग्रॅमच्या खाली कमी, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. या पट्ट्यात आकडा आहे, छोट्या आतड्याचा शेवटचा भाग आजारी आहे किंवा काढलाय आणि त्यात मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल-गुळगुळीत होणं यातलं काही असेल तर एमएमए करा किंवा सरळ उपचार चालू करा, थांबू नका. हिमोग्लोबिन छान असतानासुद्धा नसा खराब होऊ शकतात. दादाचं हिमोग्लोबिन १३.८ होतं.

"अहो पण बी १२ तर सगळ्यांचंच कमी असतं"

हे खरंय आणि हे आपल्या पुण्याच्याच अभ्यासातून दिसलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या खेड्यातले ४४१ पुरुष तपासले होते, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के लोकांचं बी १२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण. म्हणून "तुम्ही व्हेज आहात ना, मग कमी असणारच" असं म्हणून विषय संपवला जातो आणि आतड्याच्या पेशंटचं नेमकं इथं नुकसान होतं.

कारण शाकाहारी माणसाची दुकानात माल कमी येतोय ही अडचण आहे, पण त्याचं कसारा स्टेशन चालू आहे. शरीर रोज पित्तातून थोडं बी १२ आतड्यात सोडतं आणि शेवटच्या भागात ते परत उचलून घेतं, जुनंच फिरवून वापरतं. शरीरात, मुख्यतः लिव्हरमध्ये, २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो, रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे नुसतं खाणं बंद झालं तरी वर्षानुवर्षं निभावतं. ज्याचं इलियम काढलंय त्याला खाल्लेलंही मिळत नाही आणि पित्तातून बाहेर पडलेलंही परत मिळत नाही, दोन्हीकडून गळती. त्याचा साठा लवकर संपतो आणि दूध-अंडी वाढवून भरत नाही. इंजेक्शन तरी किंवा मग भरपूर मोठ्या डोसची गोळी, १००० मायक्रोग्रॅमची, कारण मोठ्या डोसमधला साधारण १ टक्का भाग पास नसतानाही कुठूनतरी आत झिरपतो. आकडा दोघांचाही १५० असेल पण उपाय एकच नाही.

फोलेट आणि परळची गोष्ट

फोलेटची ओळख जगाला मुंबईत झाली हे फार लोकांना माहीत नसतं, म्हणून थोडं थांबून सांगते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या, इथल्या गरोदर बायकांना, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या, एक भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा ज्यात लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. आहार बघितला, जंतू शोधले, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त खाद्यपदार्थाने त्या बायका बऱ्या झाल्या. गंमत अशी की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅनिमियाला, जो बी १२चा, बरं करणारा शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क इथं चालत नव्हता, म्हणजे दोन आजार दिसायला जुळे पण आत वेगळे. यीस्टमधल्या त्या घटकाला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणायचे, १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला तेव्हा त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव मिळालं, लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम.

ही जुळ्यांची गोष्ट आजही महत्त्वाची आहे. मोठ्या लाल पेशी दिसल्या म्हणून नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू केल्या आणि मूळ कमतरता बी १२ची असली तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात, आणि आतल्या आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून आधी बी १२ बघा, मग फोलेट द्या.

आणि फोलेट जास्त, बी १२ कमी अशी जोडी रिपोर्टवर दिसली तर तो एक इशारा असू शकतो. छोट्या आतड्यात जिथं जंतू फारसे नसायला पाहिजेत तिथं त्यांची गर्दी झाली, क्रोन्सने आतडं अरुंद झालं असेल तर हे होतं, की ते जंतू आपलं बी १२ खातात आणि वर फोलेट बनवतात. पोट फुगणं, गॅस, जुलाब सोबत असतील तर हे डॉक्टरांना दाखवाच.

सूज असताना मोजलेलं व्हिटॅमिन

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

समजा महाराष्ट्र बंद आहे. त्या दिवशी तुम्ही हायवेवर उभं राहून कांद्याचे ट्रक मोजले, एकही दिसला नाही, आणि घरी येऊन सांगितलं की लासलगावात कांदा संपला. कुणी मानेल? कांदा चाळीत भरलेला आहे, रस्त्यावर आलेला नाही इतकंच. रक्त म्हणजे हा रस्ता. आपण ट्रक मोजतो, चाळीतला साठा आपल्याला दिसत नाही.

आतड्याचा आजार भडकला की शरीरात सूज (इन्फ्लमेशन, बाहेरून दिसेलच असं नाही) असते आणि तेव्हा शरीर स्वतःहून बरेच पदार्थ रक्तातून बाजूला काढतं. व्हिटॅमिन ए ज्या प्रोटीनवर बसून फिरतं ते प्रोटीन कमी होतं, झिंक अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून फिरतं ते अल्ब्युमिन खाली येतं, सी आणि बी ६ सुद्धा घसरतात. साठा तितकाच असेल, रिपोर्टवर मात्र लाल अक्षरं. ही सूज मोजायची साधी टेस्ट म्हणजे सीआरपी. २०१२ साली ग्लासगोच्या संशोधकांनी हाच प्रश्न घेतला आणि त्यांचं म्हणणं असं निघालं की ए आणि डीचा आकडा सीआरपी १० च्या खाली असतानाच विश्वासाने वाचता येतो, झिंकचा २० च्या खाली, आणि बी ६ व सी यांचा तर ५ च्या खाली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, व्हिटॅमिनच्या टेस्ट कराल तेव्हा त्याच वेळी काढलेल्या रक्तातून, त्याच दिवशी सीआरपी पण करा. त्याच दिवशी, मागच्या महिन्यातलं चालणार नाही. आणि जमत असेल तर आजार शांत असताना करा. पेशंट अ‍ॅडमिट आहे, ताप आहे, दिवसातून दहा वेळा जुलाब आहेत आणि चिठ्ठीवर पूर्ण व्हिटॅमिन पॅनल, हे आमच्याकडे येतं तेव्हा मला वाईट वाटतं, हजारो रुपये जातात आणि त्या आकड्यांचा अर्थच लावता येत नाही.

फेरिटिन मात्र उलटं वागतं

आयर्न हे व्हिटॅमिन नाही, खनिज आहे, पण ते सोडून पुढं जाता येत नाही. फेरिटिन म्हणजे आयर्नच्या गोदामाची पाटी, आत किती माल आहे ते सांगणारी. अडचण अशी की सूज आली की ही पाटी आपोआप वाढीव आकडा दाखवते. त्यात सूज असताना लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, ते गोदामाला कुलूप लावतं आणि आतड्यातून नवीन आयर्न आत येणंही अडवतं. म्हणजे माल आत असून मिळत नाही आणि गोळी खाऊनही चढत नाही.

म्हणून आजार शांत असताना फेरिटिन ३० च्या खाली असेल तर आयर्न कमी धरतात, पण सूज असताना १०० पर्यंतसुद्धा कमतरता असू शकते. छापील रेंज काय म्हणते याच्याशी त्याचा संबंध नाही, ती निरोगी माणसासाठी असते. सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे आयर्न वाहून नेणारं प्रोटीन किती भरलेलं आहे ते, बघतात, २० टक्क्यांच्या खाली असेल तर पेशींना आयर्न पोचत नाहीये.

अजून एक फसवणूक म्हणजे सीबीसीमधलं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतलं, एमसीव्ही, लाल पेशीचा सरासरी आकार. आयर्न कमी तर पेशी लहान, बी १२ किंवा फोलेट कमी तर मोठी. क्रोन्समध्ये दोन्ही एकदम कमी असू शकतात, मग लहान आणि मोठ्यांची सरासरी येते नॉर्मल. घरात एक जण पाच फूट आणि एक साडेसहा फूट असेल तर सरासरी पावणेसहाच निघणार. अशा वेळी शेजारचा आरडीडब्ल्यूचा आकडा बघा, पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो, तो वाढलेला असतो. आणि अ‍ॅझाथायोप्रिन ही क्रोन्स-कोलायटिसमध्ये देतात ती गोळी चालू असेल तर तिनेच पेशी मोठ्या होतात, बी १२ कितीही चांगलं असलं तरी. थॅलसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, असेल तर आयर्न भरपूर असूनही लहान. हे सगळं रिपोर्ट वाचणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

व्हिटॅमिन डी

यावर बरंच बोललं जातं म्हणून थोडक्यात. टेस्ट २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करायची, २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता. १,२५ अशा नावाची दुसरी महाग टेस्ट असते, ती साठा सांगत नाही आणि क्रोन्समध्ये कधी कधी ती चक्क वाढलेली येते, तेव्हा महाग म्हणजे चांगली असं धरून ती करू नका. डीसुद्धा सुजेत थोडं खाली दिसतं, पण ज्याला वारंवार स्टेरॉइड्स घ्यावे लागलेत त्याची हाडं आधीच झिजत असतात म्हणून डॉक्टर इथं फार वाट बघत नाहीत. शंका असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन बघतात, डी खरंच कमी पडत असेल तर ते वर जातं. ६०,००० युनिटच्या पुड्या मात्र मनाने महिनोन् महिने घेऊ नका. डी अंगात साठतं, जास्त झालं की कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

"मग सगळ्याच टेस्ट एकदम करून टाकूया की"

नको. आजार कुठं आहे त्यावरून ठरवा. सीबीसी, फेरिटिन, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, बी १२, फोलेट, डी, सीआरपी हे वर्षातून एकदा बहुतेकांना पुरतं, आजार जास्त असेल तर सहा महिन्यांनी. बाकीचं लक्षणांवरून. संध्याकाळी अंधुक दिसायला लागलं, रातांधळेपणा, तर ए. जुलाब महिनोन् महिने आहेत, चव गेलीय, तोंडाभोवती पुरळ आहे तर झिंक, आणि लक्षात ठेवा की झिंक नसेल तर ए दिलं तरी रातांधळेपणा जात नाही कारण एला वाहून नेणारं प्रोटीन बनवायला झिंक लागतं. जरा लागलं की काळंनिळं पडतंय, त्यात पित्तरसाचा त्रास किंवा अँटिबायोटिक चालू आहे, तर के, त्यासाठी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, करतात पण ते बरंच उशिरा बिघडतं. हिरड्यांतून रक्त, जखम भरत नाही, आणि पोट बिघडेल या भीतीने वर्षभर एकही फळ खाल्लेलं नाही तर सी. स्कर्व्ही, हे जुन्या काळच्या खलाशांचं दुखणं, आजही क्रोन्सच्या पेशंटमध्ये सापडतं.

म्हणून डॉक्टरांनी तुमची जीभ, नखं, हिरड्या बघितल्या, पायाला ट्यूनिंग फोर्क लावून कंप कळतोय का विचारलं तर वेळ घालवतायत असं समजू नका. ती पण टेस्टच आहे आणि फुकट आहे.

आणि सॅम्पलबद्दल आमच्या बाजूचं थोडं. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर बर्फात ठेवून लवकर वेगळं करावं लागतं, नाहीतर लाल पेशींतून ते झिरपत राहतं आणि आकडा खोटाच वाढतो. घरी येऊन घेतलेलं सॅम्पल दोन तास बाइकच्या डिकीत उन्हात फिरलं असेल तर तो रिपोर्ट मी तरी मानणार नाही. ए चं सॅम्पल उजेडापासून झाकावं लागतं. झिंकला वेगळी नळी लागते, साध्या नळीच्या बुचातून पण झिंक उतरतं. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर झिंक आणि फोलेट दोन्ही वाढीव येतात. विचारा, विचारायला लाजू नका.

औषधांची यादी सोबत न्या

आतड्याच्या आजारावरच्या औषधांपैकी सल्फासलाझिन फोलेट शोषू देत नाही, मेथोट्रेक्सेट फोलेटचं काम अडवतं. पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी १२ घटतं, शुगरच्या मेटफॉर्मिननेही. कोलेस्टिरामिन हे औषध पित्तरस बांधून ठेवतं म्हणून ए, डी, ई, के कमी होतात. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडने बी ६ कमी होतं, म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी ६ची, गोळी देतात, ती छोटीशी गोळी कशाला म्हणून टाकून देऊ नका.

आणि केसांच्या गोळ्या! आतड्याच्या पेशंटचे केस गळतात, मग बायोटिनच्या ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या चालू होतात. बऱ्याच मशिन्समध्ये टेस्टच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते भरपूर असेल तर मशीन गोंधळतं आणि अशा मशीनवर बी १२ आणि डी खोटंच जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल सावध केलं होतं. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी ही गोळी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

"मी मल्टिव्हिटॅमिन घेतोय, मग टेस्ट कशाला?"

साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी १२ अगदी थोडं असतं आणि कसारा स्टेशन बंद असेल तर ते उतरणार कुठं. पण ती गोळी रक्तातला आकडा थोडासा वर ढकलते, म्हणजे कमतरता भरत नाही आणि दिसतही नाही. इंजेक्शन घेतल्यावर लगेच बी १२ तपासणं तर पूर्ण वायफळ, ते २०००च्या वरच येणार.

मग उपचार लागू पडतोय हे कळणार कसं? नव्याने तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी मोजून, त्यांना रेटिक म्हणतात. अ‍ॅनिमिया असेल आणि नेमकी कमी असलेली गोष्ट दिली असेल तर आठवड्याभरात रेटिक उसळी मारतं. नाही मारलं तर निदान चुकलंय किंवा सोबत दुसरं काहीतरी कमी आहे. लूसी विल्स यांच्याकडे फोलेट मोजायची कुठलीच सोय नव्हती, देऊन बघायचं आणि रक्त सुधारतंय का ते पाहायचं हीच त्यांची टेस्ट होती, आणि ती आजही चालते. हिमोग्लोबिन जागेवर यायला दोनेक महिने, डी परत तपासायचं ते तीन महिन्यांनी. नसांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि जितकं उशिरा चालू कराल तितकं कमी परत मिळतं.

दादाचं एमएमए शेवटी एका न्यूरोलॉजिस्टनी करून घेतलं, ते खूप वाढलेलं आलं आणि त्याच दिवशी इंजेक्शन चालू झालं. तोल तीन महिन्यांत सावरला. मुंग्या जायला आठ महिने लागले, उजव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे. इंजेक्शन दर महिन्याला चालू आहे आणि ऑपरेशनच्या नोट्सची झेरॉक्स आता त्याच्या पाकिटात असते.